माल हवेत असताना

६ फेब्रुवारी

कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. मला लिहायची हौस नाही आणि डॉक्टरांवर विश्वास तर त्याहून नाही. ते म्हणाले, "डोक्यात जे फिरत असतं ते दिवसाउजेडी कागदावर उतरवा, म्हणजे रात्री उठवायला येणार नाही." म्हटलं ठीक आहे. महिनाअखेर हीच वही तुमच्या टेबलावर आपटते आणि काडीचा उपयोग झाला नाही हे दाखवून देते.

हे मी क्रेनच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी आहे. खाली उतरून परत चढायचं तर सगळी सुट्टी शिडीवरच जाते, म्हणून डबा वर आणते आणि वरच खाते. माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, सगळ्यांना सांगत असतात की आमच्या वहिनीचा धंदाच उंटावरून शेळ्या हाकायचा. सांगू देत. उंटावर बसायला धमक लागते.

दुखणं असं आहे. झोप लागते छान. पण मध्येच डोळे टक्क उघडतात, आणि डोळ्यांच्या आधी डोकं उठून बसलेलं असतं. दुपारी उचललेली सळ्यांची मोळी नीट बांधली होती का, इथून सुरुवात होते. मग साहेब काय बोलला, मी त्याला काय बोलले, काय बोलायला हवं होतं. त्याचं उत्तर सापडलं की वन्संनी माझ्याच लग्नात माझ्या उंचीवरून मारलेला टोमणा आठवतो. आता त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की ज्यांच्यासमोर मारला त्यातले निम्मे लोक राहिले नाहीत. पण रात्री तो टोमणा अगदी ताजा असतो. शेजारी नवरा पाठ टेकल्यापासून घोरत असतो. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो, आणि झोपेतही घासतच असतो असं वाटतं.

हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण परवा मला जांभई आली. जांभई कुणाला येत नाही? फक्त माझं बोट तेव्हा वॉकीटॉकीच्या बटणावर होतं, आणि ती जांभई अख्ख्या साइटने ऐकली. गवंड्यांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. साहेबाने मात्र सरळ डॉक्टरकडे धाडलं.

निकाल असा: उद्यापासून महिनाअखेरपर्यंत अर्धी पाळी. तोवर झोप सुधारली तर पूर्ण पाळी, नाहीतर खाली. खाली म्हणजे भांडारात, बूट आणि हातमोजे वाटायला. केस काळे होते तेव्हापासून मी वर बसलेय. बघूच कोण उतरवतो ते.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांचा पहिला हुकूम: रात्री घड्याळ बघायचं नाही. बघितलं की माणूस उरलेल्या झोपेचा हिशोब मांडतो आणि आहे तीही जाते. हे पटलं. पण भिंतीवरचं घड्याळ असं समोर आहे की न बघायचं ठरवलं की जास्तच दिसतं. मी त्याचा सेल काढून ठेवला. सकाळी नवरा घड्याळाकडे बघून निवांत चहा पीत बसला आणि दुकानात उशिरा पोचला. आल्या आल्या माझ्यावर चढला.

"अगं, निदान सांगायचंस तरी!"

"मी रात्रभर जागी होते, तेव्हा तू सांगायला उठला होतास का?"

त्याने सेल परत घातला. माझा तो काही प्रश्न नव्हता, पण बोलून टाकलं.

वन्संनी फोनवर तीन उपाय सांगितले: गरम दूध, पाय गरम पाण्यात बुडवणं आणि आकडे उलटे म्हणणं. मग म्हणाल्या, "आणि मुख्य म्हणजे विचार करू नकोस. मन चिंती ते वैरी न चिंती." वर म्हणाल्या, "आता पुरे कर ते माकडासारखं चढणं. भांडारात काय वाईट आहे? पंखा आहे." मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला पंखा लागतो, मला वारा पुरतो. त्यांनी फोन ठेवला. रात्री गरम दूध पिऊन बघितलं, त्यामुळे जाग तेवढी एकदा जास्त आली.

१० फेब्रुवारी

दुपारी माझ्या जागेवर दुसऱ्या क्रेनचा चालक बसतो. माणूस वाईट नाही, पण माझी खुर्ची मागे सरकवून ठेवतो. आज सकाळी ती पुढे ओढताना इतका राग आला की शिडी उतरून त्याला शोधून भांडावंसं वाटलं. उतरले नाही. रात्री मात्र मनातल्या मनात भांडले, दोन्ही बाजूंनी.

१२ फेब्रुवारी

आज नव्या माणसाबद्दल लिहिते, कारण खरं कारण तो आहे. माझ्या झोपेचा वैरी.

आमचं काम न पाहिलेल्या माणसाला हे कळणार नाही. लोकांना वाटतं, उंच बसलेल्याला सगळं दिसतं. कुठलं काय! इमारत आता एवढी वर आलीय की तिच्या मागचा चौक मला अजिबात दिसत नाही. तिकडे माल टेकवायचा म्हणजे मी पूर्ण आंधळी. खाली चौकात एक माणूस उभा असतो, त्याच्या हातात वॉकीटॉकी असते, आणि तोच माझे डोळे. येऊ दे, येऊ दे, हळू, उजवीकडे घे, अजून थोडं, बस. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: माल हवेत आहे तोवर खालच्याने बोलत राहायचं. तो बोलतोय म्हणजे सगळं ठीक आहे. तो गप्प झाला की माझा हात थांबलाच पाहिजे. कारण गप्प का झाला, हे वरच्याला कळायचा दुसरा मार्ग नसतो. पट्टा तुटला असेल, कुणी खाली आलं असेल, तो स्वतःच मेला असेल.

आधी या जागी तात्या होते. मी क्रेनवर आले तेव्हापासून माझ्या कानात तात्यांचाच आवाज. सकाळी पहिली उचल, की म्हणायचे, "चला बाईसाहेब, उतरा स्वर्गातून." माल हवेत असताना त्यांचं तोंड कधी थांबायचं नाही. सांगायला काही उरलं नाही तर सुनेची तक्रार सांगायचे, पण मध्ये खंड नाही. मागच्या हंगामात घसा बसला म्हणून चार दिवसांची रजा टाकली, आणि ते चार दिवस अजून चाललेत. मग साहेब म्हणाला, तात्यांनी काम सोडलं. बस, एवढंच. मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कापला. माझा फोन कापला! ठीक आहे. आपल्याला काय फरक पडतो? मी काही त्यांच्या जिवावर क्रेन शिकले नाही.

तर हा नवा. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. मी त्याचं नावच गुळणी ठेवलंय. "येऊ दे" म्हणतो, "येऊ दे" म्हणतो, आणि माल जमिनीजवळ आला, म्हणजे जिथे बोलायची खरी गरज, तिथे गप्प. मी थांबते. माल लोंबकळतो. सगळे ओरडतात. मग तो अपराधी आवाजात म्हणतो, "ताई, येऊ द्या ना." येऊ द्या ना! मी काय पाहुणी आहे?

रात्री जाग आली की हेच. माल हवेत, आणि कानात कुणी बोलत नाही.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांचा दुसरा हुकूम: जाग आली आणि डोकं पळायला लागलं तर गादीवर लोळत राहायचं नाही. उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात एखादं कंटाळवाणं काम करायचं आणि पेंग आली की परत यायचं. गादीवर फक्त झोप, भांडण नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. कंटाळवाणं म्हणून डब्यांची झाकणं जुळवायला घेतली. एका डब्याचं झाकण सापडेना. मग खालचा कप्पा काढला, वरचा काढला, माळ्यावर चढले. सकाळी नवरा आला तेव्हा सगळं स्वयंपाकघर जमिनीवर होतं आणि मी मधोमध बसले होते. तो म्हणाला, "घर बदलतोय का आपण?"

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय. मला झोपेचं औषध नको, गुळणीचं तोंड उघडायचं औषध द्या. डॉक्टरांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही झोपेशी कुस्ती खेळताय. ती तुमच्याहून ताकदवान आहे." मी म्हटलं, अजून माझा हात बघितला नाही तुम्ही.

१७ फेब्रुवारी

आज झालं ते सगळं लिहिते.

खिडक्यांच्या काचांची पेटी मागच्या चौकात उतरवायची होती. वारा कामापुरता ठीक होता, पण मधूनच झुळूक येत होती. गुळणीचं "येऊ द्या, येऊ द्या" चालू होतं. आणि नेमका गप्प. मी थांबले. एक क्षण, दोन क्षण, काही नाही. तेवढ्यात साहेबाचा आवाज आला, "बाई, उतरवा! काय वाट बघताय?"

"खालचा गप्प आहे."

"अहो, तो उभा आहे तिथे, मला दिसतोय इथून! उतरवा!"

"तुम्हाला दिसतोय, मला दिसत नाही. आवाज नाही तर हालचाल नाही."

"तुम्ही झोप नाही म्हणून दचकताय. मी सांगतोय ना, उतरवा!"

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. खरंच ठेवले. साहेबाने खाली काय तमाशा केला कुणास ठाऊक, वॉकीटॉकीत सगळं येत होतं, बायकामुलांसमोर बोलता येणार नाही असं. काचांची पेटी तशीच हवेत. शेवटी गुळणी बोलला, "येऊ द्या, ताई, हळू," आणि मी ती टेकवली, अंडं टेकवावं तशी.

मग मी केबिनमधून बाहेर पडले. पाळी संपायच्या आत मी कधी उतरले नव्हते. शिडी उतरताना गवंडी बघत होते, टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. सरळ मागच्या चौकात गेले. तिथे गुळणी उभा. बारीकसा माणूस, मिशी नुकती काढल्यासारखा चेहरा. त्याची वॉकीटॉकी कुठे होती? खिशात! म्हणजे माल हवेत असतानाही खिशातच!

"बोलत का नाहीस रे? तोंडाला कुलूप लावलंय?"

तो म्हणाला, "ताई, मी सांगत होतो की."

"कुठे सांगत होतास?"

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि दाखवलं. बोट खाली करून गोल फिरवलं: उतरव. तळवा आडवा केला: हळू. अंगठा वळवला: उजवीकडे. सगळे इशारे अगदी बिनचूक. वॉकीटॉक्या यायच्या आधी असेच इशारे करायचे, अजूनही परीक्षेत विचारतात. माल जमिनीजवळ आला की दोन्ही हात लागतात, म्हणून हा पठ्ठ्या वॉकीटॉकी खिशात टाकून, इमारतीच्या मागे, मला दिसणार नाही अशा जागी उभा राहून, मला इशारे करत होता! इतके दिवस!

"अरे, मला तू दिसतोस का इथे?"

त्याने वर बघितलं. वर नुसती भिंत. तो बघतच राहिला. म्हणाला, "मला वाटलं, वरून सगळं दिसतं."

मला हसावं की त्याला धरून हलवावं, कळेना. विचारलं, "कुणी शिकवलं तुला हे?"

"तात्यांनी. मी त्यांच्याच गल्लीत राहतो. रोज संध्याकाळी शिकवायचे." मग जीभ चावली आणि म्हणाला, "ते आता असंच शिकवतात ना, ताई. बोलता येत नाही त्यांना. गळ्याचं ऑपरेशन झालंय. कुणाला सांगू नको म्हणाले होते. म्हणजे, खुणेने म्हणाले."

पुढे लिहिता येत नाही आज.

१८ फेब्रुवारी

काल रात्री झोपलेच नाही, आणि त्याचा राग झोपेवर नव्हता. मी तात्यांवर चिडून बसले होते. फोन कापला म्हणून! आता ते फोन उचलून करणार काय होते? माणूस किती गाढव असावं याला काही मर्यादा?

२० फेब्रुवारी

पाळी संपल्यावर तात्यांकडे गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. काकू म्हणतो आम्ही त्यांना. मला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि आत वळून म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं, कळल्याशिवाय राहायचं नाही म्हणून?"

तात्या खिडकीशी खुर्चीत बसले होते. गळ्याला पांढरं फडकं. अर्धे झालेत. मी ठरवून गेले होते की शांत राहायचं, धीर द्यायचा. पण बघितलं आणि तोंडच सुटलं.

"फोन कापता माझा? काकूंना सांगून एक निरोप देता आला नाही? मी कोण, परकी? इतकी वर्षं कानात बोलत होतात, आणि शेवटी एक शब्द नाही? आणि तो गुळणी! त्याला इशारे शिकवले आणि तोंड उघडायला शिकवलं नाही! काचांची पेटी वर लोंबकळत होती! माझी खुर्ची जायची वेळ आलीय!"

असं बरंच. मला रडूही येत होतं, आणि रडू येतंय याचाही राग येत होता. तात्या ऐकत होते. मग त्यांनी दोन्ही हात पोटासमोर आणले आणि बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

मी गप्प झाले. आपोआप. हा इशारा म्हणजे: सगळं आहे तिथे थांबव. उतरवायचंही नाही, उचलायचंही नाही, नुसतं धरून ठेव, आत्ता काहीही करायचं नाही. जेवायला जायच्या आधी तात्या गंमत म्हणून हा करायचे, फार जुनी गोष्ट. काकू थक्क झाल्या. म्हणाल्या, "हिला थांबवणारा कुणी असेल असं वाटलं नव्हतं!"

तात्या हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले. त्यात मला जास्तच भरून आलं.

चहाला काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या की डॉक्टर म्हणतात गाठ पूर्ण निघालीय, पण हे रात्री झोपत नाहीत. उठून बसतात. श्वास बंद पडेल अशी भीती वाटते त्यांना, आणि भीती वाटली तर ओरडता येत नाही, म्हणून मला उठवतही नाहीत. सकाळी बघावं तर खुर्चीत. मी कपबश्या पुसत राहिले. मी झाकणं शोधत होते तेव्हा हा माणूस तिकडे खुर्चीत बसला होता.

निघताना तात्यांनी गुळणीबद्दल विचारलं. म्हणजे मिशीच्या जागी बोट फिरवलं. मी म्हटलं, त्याला बोलायला मी शिकवते. तुमच्या हातचं काम नाही ते आता. हे बोलले आणि वाटलं, जीभ झडो माझी. पण तात्यांनी अंगठा वर केला.

२१ फेब्रुवारी

रात्री जाग आली. डोकं सुरू झालं: तात्या, पेटी, महिनाअखेर, भांडार, पंखा. मी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि बोटं अडकवली. म्हटलं, हे बघ, कुठलाही विचार टाकून दे म्हणत नाही. सगळे तुझेच. पण आत्ता कुणी हलायचं नाही, जो जिथे आहे तिथे थांबेल. सकाळी एकेक उतरवू.

लगेच झोप लागली असं नाही. पण भांडण झालं नाही. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, हे आमच्या धंद्यातलं आहे, म्हणून मी केलं. नोंद असावी.

२४ फेब्रुवारी

गुळणीला जिन्याखाली उभं करून शिकवणी घेतली. तो इशारे उत्तम करतो, बोलताना मात्र अडकतो. म्हणतो, "ताई, काय बोलू ते सुचत नाही. तुम्ही ओरडता."

"ओरडते कारण तू गप्प असतोस."

"मी गप्प असतो कारण तुम्ही ओरडता."

हे कुठेतरी तोडायला हवं होतं. म्हटलं, सुचलं नाही तर पाढे म्हण. पण तोंड थांबता कामा नये. एक हात इशाऱ्याला हवा असेल तर ठेव, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. आणि हे बघ, मी ओरडणार नाही.

आज पहिली उचल त्या चौकात. "येऊ द्या, येऊ द्या, हळू, बे एके बे, बे दुणे चार, डावीकडे, बे त्रिक सहा, ताई थोडं अजून, बे चोक आठ, टेकलं." अख्खी साइट ऐकत होती. गवंडी पाढ्यात सामील झाले. साहेब येऊन म्हणाला, हा काय पोरखेळ आहे. मी म्हटलं, साहेब, माल टेकला ना? मग त्याने मागे बघितलं, टेकलेला माल बघितला, आणि गेला. दुपारपर्यंत गुळणी साताच्या पाढ्यावर अडकला, मी वरून सांगितला.

एकदा ओरडले. पण एकदाच.

२७ फेब्रुवारी

उद्या सकाळी डॉक्टर. नवऱ्याने आज स्वतःहून घड्याळाचा सेल काढला आणि उशाशी आणून ठेवला. म्हणाला, "उद्या मी उठवतो तुला. तू फक्त झोप." हा माणूस मला उठवणार! गंमतच आहे. पण बरं वाटलं.

वन्संचा फोन आला. "काय ठरलं मग, भांडार?" मी म्हटलं, भांडारात तुम्हीच अर्ज करा, पंखा आहे.

मला खाली यायचं नाही. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते. हट्ट म्हणा, माज म्हणा. वर बसलं की मी मोठी होते असंही नाही. पण ते काम मला येतं, आणि जे येतं ते जांभईपायी सोडायचं? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही अजून शाबूत आहे.

२८ फेब्रुवारी

केबिनमधून लिहितेय. खुर्ची पुढे ओढून घेतली आहे.

काल रात्री जाग आली ती फोनमुळे. काकू. आवाज दबका. "ताई, माफ कर, एवढ्या रात्री. हे खुर्चीत बसलेत, थरथरतायत. दवाखान्यात चला म्हटलं तर नको म्हणतात. श्वास ठीक चाललाय, मी बघितलंय, पण त्यांना पटत नाही. तुझ्याकडे बोट दाखवतायत. म्हणजे फोनकडे."

एक क्षण डॉक्टर आठवले, सकाळ आठवली, भांडार आठवलं. मग म्हटलं, जाऊ दे झक मारत. काकूंना सांगितलं, त्यांना गादीवर आडवं करा, उशी उंच ठेवा, फोनचा स्पीकर लावा आणि कानाशी ठेवा. श्वास अडतोय असं जरा जरी वाटलं तर फोन ठेवून सरळ दवाखाना. आणि बोलायला लागले.

काय बोलले? काहीही. गुळणी साताच्या पाढ्यावर कसा अडकतो ते. साहेबाला मी काय म्हटलं ते, थोडं वाढवून. नव्या मजल्यावर कुणी बादली विसरलंय, आणि दोन गवंडी ती आपापली म्हणून भांडतायत, ते. वन्सं आणि पंखा. मध्येच म्हणायचे, "तात्या, मी आहे हं, चालू आहे माझं, तुम्ही नुसतं ऐका." पलीकडून अर्थातच काही नाही. उत्तर येत नसताना बोलत राहणं किती अवघड असतं, हे मला काल कळलं. इतकी वर्षं तात्या ते करत होते आणि मी नुसती ऐकत होते. तेही त्यांना सांगितलं. मग बोलायचं संपलं, तेव्हा माझ्या सगळ्या चिंता सांगितल्या, एकेक करून, रात्री येतात त्याच क्रमाने. लग्नातल्या टोमण्यापर्यंत आले एवढं आठवतं.

मग नवरा मला गदागदा हलवत होता. सकाळ. फोन गालाखाली, बॅटरी संपलेली. गालावर त्याच्या कडेचा वळ. तशीच डॉक्टरांकडे पळाले.

त्यांनी डोळे बघितले, हात बघितला, दिव्यांची परीक्षा घेतली: लाल दिवा लागला की बटण दाबायचं. मग विचारलं, "रात्री जाग येते अजून?"

"येते."

"मग काय करता?"

"थांबवते. आणि लगेच नाही थांबलं तर त्याचं फार मनावर घेत नाही. जाग येणं म्हणजे काही गुन्हा नव्हे."

"काल रात्री?"

"काल उठले, बरंच बोलले, मग गाढ झोपले."

त्यांनी परीक्षेचा कागद पुन्हा एकदा बघितला. मला वाटलं, गेली खुर्ची. म्हणाले, "तुमच्यासारखी बाई मी पाहिली नाही. पण परीक्षा चांगली दिलीत. सोमवारपासून पूर्ण पाळी. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा." वही मागितली नाही. मी आपटायला आणली होती, परत पिशवीत टाकली.

वर आल्यावर फोन चार्जिंगला लावला आणि आधी काकूंना केला. विचारलं, "तात्या कसे आहेत? कधी झोपले?"

काकू हसत होत्या. "अजून झोपलेत. उठवू का?"

"नको, नको. म्हणजे माझं बोलणं चालू असतानाच झोपले ना?"

"छे गं. आधी तूच झोपलीस. बोलता बोलता घोरायला लागलीस, ती चांगलीच. मी फोन बंद करायला गेले तर यांनी माझा हात धरला. चालू राहू दे म्हणाले, खुणेने. तुझं घोरणं ऐकत पडले होते. हसले एकदा. मग झोपले."

शक्यच नाही. मी घोरत नाही. इतक्या वर्षांत मला तसं कुणी सांगितलेलं नाही. काकूंना तसं स्पष्ट बोलले, तर म्हणतात, आज रात्री पुन्हा फोन कर, उद्या सकाळी तात्यांनाच विचार.

करणार आहे. आणि आज आधी ते झोपतील, मग मी. लिहून ठेवते.